मनुबाईच्या फॉर्मवरचा दुसरा अंगठा

मनुबाई मला पहिल्यांदा भेटली ती लघवीची बाटली हातात उंच धरून. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या पॅसेजमध्ये मी टेबल टाकून बसलो होतो आणि बारा बायका एकेक करून बाटल्या आणून देत होत्या. बाकीच्या अकराजणींनी त्या पदराखाली लपवल्या होत्या, कारण दाराशी वॉचमन दात काढत उभा होता. मनुबाई मुद्दाम त्याच्यापुढे थांबली, बाटली त्याच्या नाकासमोर नेली आणि म्हणाली, "नीट बघ. चोरीचा माल नाय." वॉचमन एकदम रजिस्टर चाळायला लागला.

हे १९९२ सालचं. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो, डोंबिवलीत आईबरोबर राहत होतो आणि ठाण्यातल्या एका लॅबमध्ये टेक्निशियन होतो. बी.एस्सी. झाल्यामुळे डोक्यात थोडी हवाही होती. आमच्या लॅबकडे मुंबईच्या एका डॉक्टरीणबाईंच्या, डॉ. लक्ष्मी मॅडमच्या, पाहणीचं काम आलं होतं. जे लोक स्वतः विडी-सिगरेट ओढत नाहीत, पण दुसऱ्याच्या धुरात दिवसभर बसतात, त्यांच्या अंगात किती तंबाखू जाते हे त्यांना मोजायचं होतं. तंबाखूतलं निकोटिन शरीरात गेलं की त्याचं कोटिनिन बनतं आणि ते लघवीतून बाहेर पडतं. ते मोजता येतं. मॅडम म्हणायच्या, माणूस तोंडाने काहीही सांगो, बाटली खरं सांगते. मला ते वाक्य इतकं आवडलं होतं की मी ते चार ठिकाणी स्वतःचं म्हणून खपवलं होतं.

हा कारखाना मॅडमना मिळाला तो मनुबाईच्या भांडणामुळे. तिथे मीटरमध्ये बसवायच्या कॉइल गुंडाळायचं काम चाले. तार केसाहून बारीक, पंखा लावला की हलते, हलली की तुटते. धूळ बसू नये म्हणून खिडक्याही बंद. अशा खोलीत बाराजणी आठ तास मान खाली घालून बसत, आणि कोपऱ्यातल्या टेबलावर सुपरवायझर तानाजी एका सिगरेटवर दुसरी पेटवत बसे. माणूस तसा दुष्ट नव्हता. बायकांना बाळंतपणाची रजा मिळावी म्हणून तो मॅनेजरशी भांडलाही होता. पण आपल्या तोंडातून निघालेला धूर पुढे कुठे जातो, हा विचार त्याच्या डोक्याला कधी शिवला नव्हता.

मनुबाई कोलशेतची, खाडीकाठच्या कोळ्यांची. बाप गोमाजी. त्याला मुलगा नव्हता, म्हणून जाळं विणायचं आणि फाटलं की सांधायचं कसब त्याने हिलाच शिकवलं. पुढे खाडीच्या पाण्याला रंग आला, वास आला, आणि जाळ्यात मासळीपेक्षा प्लॅस्टिक जास्त यायला लागलं. तेव्हा ही सरळ इस्टेटमध्ये येऊन कारखान्याच्या गेटवर उभी राहिली. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, सही येत नाही. पण तानाजीनेच तिच्या हातात तार देऊन पाहिली होती आणि तासाभरात ठेवून घेतलं होतं. जाळ्याची गाठ ज्या बोटांना येते त्यांना तार काय जड.

हिचा नवरा दामाजी विडी ओढायचा. लग्न झाल्यापासून तिने त्याला घरात काडी पेटवू दिली नव्हती. ओढायची तर खाडीवर जाऊन. पावसाळ्यात तो बिचारा एका हातात छत्री आणि एका हातात विडी घेऊन बांधावर उकिडवा बसे आणि गाव हसे. अशा बाईच्या नाकासमोर परका माणूस दिवसाला वीस-पंचवीस सिगरेटी ओढतो म्हटल्यावर काय होणार! तिने आधी तानाजीला सांगितलं. तो म्हणाला, नाक धरून बस. मग ती मॅनेजरकडे गेली. मॅनेजर म्हणाला, धुराने तुम्हाला काही होतं याला पुरावा काय?

"घरच्या दादल्याला नाय ओढू दिली, तं याला कशी देईन?" ती म्हणाली. "माजं नाक माज्या मालकीचं हाय."

एवढ्यात पाहणीसाठी परवानगी मागणारं मॅडमचं पत्र आलं आणि मॅनेजरला बरं झालं. त्याने ठरवून टाकलं, तपासणी होऊ दे. बायकांच्या अंगात तानाजीचा धूर सापडला तर त्याचं टेबल बाहेर व्हरांड्यात जाईल. नाही सापडला तर मनुबाईने पुन्हा तोंड उघडायचं नाही. मनुबाईने मान्य केलं.

तपासणीआधी फॉर्म भरायचा होता. मॅडमचा फॉर्म इंग्रजीत, त्याचं मराठी मी केलेलं. विडी, सिगरेट ओढता का? तंबाखू खाता का? पानातून घेता का? घरात कोणी ओढतं का? मी विचारत गेलो, बाराजणी "नाय, नाय" म्हणत गेल्या. तंबाखू खाता का विचारल्यावर केशरबाई नावाची म्हातारी तर भडकली, "मी काय बाप्या हाय?" खाली छापलेलं होतं, वरील माहिती खरी आहे. तिथे प्रत्येकीचा अंगठा घेतला. निळ्या शाईचं पॅड माझंच होतं.

तीन आठवड्यांनी आकडे आले. नुसत्या धुरात बसणाऱ्या माणसाचा आकडा वीस, तीस, फार तर चाळीसच्या घरात असावा. बारापैकी चौघींचा तसा होता. आठजणींचे आकडे शेकड्यांत होते. मनुबाईचा नऊशेच्या वर. रोज पाकीटभर सिगरेटी ओढणाऱ्याचा असतो तसा.

मी चिडलो. खरं सांगतो, मला स्वतःची फसवणूक झाल्यासारखं वाटलं. बाटली एवढी ऐटीत धरणारी बाई, आणि निघाली चोरून तंबाखू खाणारी! मी तिचा फॉर्म काढला, वर लाल शाईने "माहिती खोटी" असं लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. बाकी सातजणींच्या फॉर्मवर नुसती फुली केली होती. राग काय तो मनुबाईवर.

कारखान्यात ही बातमी माझ्याआधी पोचली. तानाजी भर कॉइल रूममध्ये म्हणाला, "काय बाई, नवऱ्याला खाडीवर पाठवता आणि आपण मागच्या दाराने?" मॅनेजरने तिला बोलावून सांगितलं की आठजणी खोट्या निघाल्यावर उरलेल्या चौघींचे आकडेही तो धरणार नाही, धुराचा विषय संपला. वर हेही सांगितलं की खोटं लिहून देणाऱ्या बाईला कामावर ठेवायचं की नाही हे तो महिनाअखेर बघेल.

दुसऱ्याच दिवशी ती लॅबमध्ये माझ्यासमोर उभी.

"माज्या पान्यात काय सापडलं?"

"तंबाखू."

"मी खात नाय."

"मावशी, बाटली खोटं बोलत नाही."

"मग मी बोलतंव?"

मी समोरचं रजिस्टर उघडलं. त्याचा अर्थ तिला कळला.

"शुक्रवारी सुट्टी हाय. माज्या घरी ये," ती म्हणाली. "डबे उघड, मडकी उलथी कर, माजी पेटी बघ. तंबाखूचं एक पान जरी गावलं ना, मी आपल्या पायानं जाऊन नोकरी सोडतंव. आनि नाय गावलं तं तू काय सोडशील ते ठरवून ये."

मी गेलो, आणि तिला पकडायला म्हणून गेलो. आज लाज वाटते. सकाळी साडेसातला कोलशेतला पोचलो तर मनुबाई ओट्यावर उकिडवी बसलेली. मला बघून तिने चूळ भरली आणि म्हणाली, "घे बघून." मी खरंच पोलिसासारखे डबे उघडले. तांदूळ, सुकट, हळद. दामाजी कोपऱ्यात बसून हे सगळं बघत होता आणि बायकोच्या भीतीने हसू दाबत होता. काहीही सापडलं नाही. बाहेर आलो तर तिने जुन्या पावडरच्या डब्याचं झाकण उघडून, त्यातली काळी पूड बोटावर घेऊन पुन्हा दातांवर फिरवायला सुरुवात केली होती.

"चहा टाकतंव," ती बोट तोंडात ठेवूनच म्हणाली. "चाळीस वर्सं झाली, मशेरी लावल्याबिगर मना चहा जात नाय."

मी त्या डब्याकडे बघत राहिलो.

"मावशी, ही मशेरी कशाची करतात?"

"कशाची म्हंजे? तुजी आई लावत नाय?"

माझी आई लावत होती. रोज सकाळी गॅलरीत बसून, माझा जन्म झाला त्याच्याही आधीपासून. महिन्यातून एकदा ती तव्यावर पानं काळी ठिक्कर होईपर्यंत भाजायची, त्या वासाने मी खोकत खाली पळायचो, आणि मग ती ते खलबत्त्यात कुटून बरणीत भरायची. आमच्या चाळीतल्या निम्म्या बायका हेच करायच्या. दात घासायची वस्तू. मी फॉर्मचं मराठी करत होतो तेव्हा ती बरणी माझ्या डोळ्यांसमोर, हात पोचेल इतक्या अंतरावर होती. कोणी आईला विचारलं असतं, तंबाखू खाता का, तर तिने त्याला जिन्यावरून ढकललं असतं.

"कशाची करतात, मावशी?" मी पुन्हा विचारलं.

"तंबाखूची," मनुबाई म्हणाली, आणि तिचं बोट तोंडातच राहिलं.

मग दामाजी आतून फसकन हसला आणि तिने त्याच्याकडे असं बघितलं की तो उठून खाडीवर गेला.

मी समजावायला लागलो. मॅडमना सांगतो, फॉर्ममध्ये एक प्रश्न वाढवतो, तुमचा काही दोष नाही. ती ऐकून घेत होती आणि तिचे डोळे बारीक होत होते.

"मॅडमला सांगशील. त्या मॅनेजरला काय सांगशील? तो बोलेल, पकडली गेली तवा बाईनं नवी गोष्ट रचली." तिने डबा बंद केला. "ही सोडली तं अंगातून किती दिसांत जाते?"

"आठ-दहा दिवसांत."

"मग मी सोडतंव. पुन्ना मोज."

"मावशी, चाळीस वर्षांची सवय आहे."

"तुला मोजायला जमतं का नाय, तेवढं बोल."

मॅडमना मी फोन केला. मशेरी म्हणजे काय हे त्यांना सांगण्यातच पाच मिनिटं गेली. मग त्या म्हणाल्या, मोजता येईल, आणि तेही पक्कं. सुट्टीचा दिवस संपल्यावर शनिवारी सकाळी कामावर बसायच्या आधी एक बाटली घ्यायची. आठवडाभर त्या खोलीत बसल्यावर गुरुवारी संध्याकाळी दुसरी. जी बाई लावत नाही, ओढत नाही, तिच्या अंगात सुट्टीनंतर जवळजवळ काही नसेल आणि आठवड्याअखेर असेल, तर ते खोलीतूनच आलेलं. अट एकच, खोली नेहमीसारखी असली पाहिजे. मॅनेजरनेही नाइलाजाने होकार दिला.

बुधवारी संध्याकाळी मनुबाई लॅबमध्ये आली ती ॲल्युमिनियमचा मोठा डबा घेऊन. आत मशेरीच्या आठ डब्या. केशरबाईची पितळी, त्याच खोलीतल्या मालनची फिल्मच्या रोलची काळी डबी, मनुबाईचा पावडरचा डबा. बाकीच्या सातजणींना तिने कसं राजी केलं ते मला ठाऊक नाही. नंतर मालनने सांगितलं की राजी वगैरे कोणी केलं नव्हतं, बाईने नुसता हात पुढे केला होता.

"कपाटात ठेव आनि किल्ली लाव," ती म्हणाली. "कोन बी मागायला आली तं देऊ नको. मी आले तरी नको."

ती आली. पाचव्या दिवशी. डोळे तारवटलेले, हिरड्या मीठ आणि कोळसा घासून सुजलेल्या. बाकावर दहा मिनिटं बसली, कपाटाकडे बघितलं, मला किती वाजले विचारलं आणि गेली. तिकडे कॉइल रूममध्ये केशरबाई तार तुटली की रडत होती आणि मालन डोक्याला पट्टी बांधून बसत होती. पण आठातली एकही फुटली नाही.

दहा दिवसांनी, शनिवारी सकाळी बाटल्या घेतल्या. या वेळी कोणी पदराखाली लपवली नाही. वॉचमन आधीच चहाला निघून गेला होता.

आणि त्याच दिवशी तानाजीने डाव टाकला. त्याला मॅनेजरकडून गुरुवारच्या बाटलीचं कळलं होतं. तो सिगरेट ओढायला उठून बाहेर जायला लागला. शनिवारी गेला, रविवारी गेला. खोलीतली हवा पहिल्यांदाच स्वच्छ झाली आणि बायका हरखल्या. मालन म्हणाली, "मनुबाई, झालं की आपलं काम. धूर गेला. आता सोडा ना."

"धूर गेला, पण मी खोटारडी राहिले," मनुबाई म्हणाली. "गुरुवार उलटला की हा परत आत बसून ओढील, आनि मना बोलायला तोंड नसंल."

सोमवारी ती कामावर आली ती नाक्यावरच्या पानवाल्याकडून तानाजीच्या ब्रँडचं पाकीट घेऊन. सगळ्यांसमोर ते तिने त्याच्या टेबलावर ठेवलं, वर काडेपेटी ठेवली.

"ओढा सायेब. इतकी वर्सं तुमी आमाला फुकट पाजलंत. आता माज्याकडून घ्या."

तानाजी लाल झाला. पाकीट त्याने बाजूला सारलं. ते दुपारपर्यंत त्याच्या डोळ्यांपुढे पडून राहिलं, आणि बारा बायका तार गुंडाळताना मधूनमधून मान वर करून त्याच्याकडे बघत राहिल्या. चाळीस वर्षांची मशेरी सोडून बारा दिवस तडफडणारी बाई समोर बसलेली, आणि याला दोन दिवस धड निघेनात; उठून बाहेर जावं तर घाबरून पळाल्यासारखं दिसणार. दुपारच्या चहानंतर त्याने शिवी हासडली, पाकीट फोडलं आणि जागेवर बसूनच पेटवली. मालन सांगत होती, धूर पहिल्यांदा मनुबाईच्या तोंडावर आला तेव्हा तिने डोळेसुद्धा मिटले नाहीत. त्यानंतर तो गुरुवारपर्यंत आत बसूनच ओढत राहिला. एकदा हरल्यावर त्याला उठून बाहेर जायचीही लाज वाटत असावी.

तीन आठवड्यांनी मी, मॅडम आणि मॅनेजर कॉइल रूममध्ये उभे होतो. आकडे मी वाचले. शनिवारी सकाळी चार, पाच, सहा. गुरुवारी संध्याकाळी सव्वीस, तेहेतीस, अडतीस. बाराहीजणींचं तसंच. मनुबाईचा शनिवारी सहा, गुरुवारी एकतीस. मॅडमनी याचा अर्थ मॅनेजरला दोन वाक्यांत सांगितला आणि त्याला तो कळला. तानाजी आपल्या टेबलाचं एक टोक धरून उभा राहिला. दुसरं टोक धरायला वॉचमनला बोलावलं. टेबल व्हरांड्यात गेलं.

बायका हसत होत्या. मनुबाई हसत नव्हती.

"माजा कागद आन," ती मला म्हणाली.

तो माझ्या पिशवीतच होता. तिने तो हातात घेतला. वाचता येत नसलं तरी लाल अक्षरं तिला दिसत होती.

"हे लाल काय लिवलंस? मोठ्यानं वाच."

मी वाचलं, "माहिती खोटी." माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. तिने पुन्हा वाचायला लावलं.

"मी खोटं बोल्ले?"

"नाही मावशी. मी नीट विचारलं नाही."

"मग ते लिव."

मी लाल अक्षरांवर काट मारली आणि खाली लिहिलं, बाईंनी दिलेलं उत्तर खरं होतं, विचारणाऱ्याने मशेरीबद्दल विचारलंच नाही. ते वाचून दाखवलं. केशरबाई म्हणाली, बरोबर. मी सही करायला पेन टेकवलं तर मनुबाईने कागदावर हात ठेवला.

"सही नको. तुमची सही रोज कुटं बी होते. अंगठा दे. आमी दिला तसा."

मॅडम हसल्या. मॅनेजरने घड्याळ बघितलं. मी माझंच निळं पॅड उघडलं, अंगठा दाबला आणि तिच्या अंगठ्याशेजारी उठवला. बी.एस्सी. झालेल्या माणसाचा अंगठा तिच्या अंगठ्यापेक्षा फिकट उमटला, म्हणून तिने तो पुन्हा द्यायला लावला.

मग मी पिशवीतून ॲल्युमिनियमचा डबा काढून तिला परत केला. मॅडम म्हणाल्या, मनुबाई, आता सुटलीच आहे तर सोडून द्या, याने तोंडाचा कॅन्सर होतो. मीही तेच सांगायला तोंड उघडणार होतो. मनुबाईने ऐकून घेतलं, डबा काखेत मारला.

"सोडायची का नाय ते मी माज्या घरी ठरवीन," ती म्हणाली. "पन पुन्ना कागद घेऊन आलास, बाला, तं सरळ विचार. मशेरी लावता का. मी लावत असले तं लावतंव बोलेन. नसले तं नाय बोलेन. आनि तू जे ऐकशील तेच लिव."

त्या संध्याकाळी घरी आलो तेव्हा आई गॅलरीत बसली होती. माझा निळा अंगठा बघून ती घाबरली. म्हणाली, कुणाला काय लिहून दिलंस रे? मी तिच्याजवळ बसलो, बरणी उचलली आणि पहिल्यांदाच तिला सरळ विचारलं.

"आई, मशेरी दिवसातून किती वेळा लावतेस?"

"चार," आई म्हणाली. "का रे? आजवर कधी विचारलं नाहीस."